पाहुणे गेले आणि चाकू नव्हता

माझ्या पर्समध्ये चाकू असतो. मिटायचा, पितळी मुठीचा, मिटला की करंगळीपेक्षा थोडा मोठा. हे मी कुणाला सांगितलं की तो माणूस आधी पर्सकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग पुन्हा पर्सकडे. मी साठीकडे झुकलेली, चष्मेवाली, डोंबिवलीच्या भाजी मार्केटात दिसणाऱ्या कुठल्याही बाईसारखी बाई आहे. माझा आणि चाकूचा लोकांना मेळ लागत नाही, आणि मेळ लागला नाही की माणसाला पहिल्यांदा संशयच येतो. याची मला सवय झालेली आहे. निदान मुलाचं लग्न ठरेपर्यंत तरी मला तसं वाटत होतं.

हा चाकू माझ्या वडिलांचा. ते कल्याणला रेल्वेच्या यार्डात होते. कामावरून आले की शर्टाच्या खिशातून आधी चाकू बाहेर यायचा, मग बाकीचं सामान. त्याच चाकूने ते पेरू कापायचे, सुतळी तोडायचे, आमच्या पेन्सिलींना टोक काढायचे आणि तळपायात काटा गेला तर पातं काडीवर तापवून काटाही काढायचे. धार लावून लावून ते पातं मधे झिजलं होतं. वडील गेल्यावर भावांनी घड्याळ घेतलं, रेडिओ घेतला. चाकू खिडकीत पडून होता. मी तो उचलला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला. कुणी काही विचारलं नाही.

पुढे त्याला सोबती मिळत गेले. मी कल्याणच्या एका कॉलेजात बॉटनीच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. देठांचे, मुळांचे पातळ काप करून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे चांगली धार हाताला लगेच कळायची. गावच्या जत्रेत म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा एक चाकू मिळाला. कोकणातल्या एका नर्सरीवाल्याने कलमं बांधायचा, वाकड्या पात्याचा जुना चाकू दिला. शहाडच्या एका भंगारवाल्याकडे लोखंडाच्या ढिगात एक रामपुरी सापडला, लांब, खटका असलेला. तो मात्र घरी आणल्यावर मी मुलाला लगेच दाखवला नाही. हॉलमधल्या शोकेसचा खालचा ड्रॉवर हळूहळू भरत गेला. महिन्यातून एकदा सगळे बाहेर काढायचे, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, पुसून परत ठेवायचे. नवरा होता तोवर तो चहा पीत समोर बसायचा आणि म्हणायचा, "बायका दागिने पुसतात." तो काविळीने गेला, मुलगा तेव्हा शाळेत होता.

बाळगायचा मात्र एकच, वडिलांचा. बाकीचे घरात.

बाळगण्यात त्रास होता. ठाण्याला मॉलमध्ये गेलं की पर्स मशीनमधून जायची आणि मशीनमागची मुलगी मान वर करायची.

"मॅडम, अंदर क्या है?"

"चाकू."

"किसलिए?"

"फळं कापायला."

मग ती तो दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ धरावं तसा, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवायची आणि मला टोकन द्यायची. माझ्या मागे उभ्या असलेल्या बायका एक पाऊल मागे सरकायच्या. एकदा एका हॉस्पिटलच्या दारात, आजारी नणंदेला बघायला गेलेले तेव्हा, गार्डने मला विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" त्याने ते काळजीनेच विचारलं होतं, त्यामुळे मला रागावताही आलं नाही.

तर लग्न. मुलाने ठाण्याला ऑफिसात बरोबर काम करणारी मुलगी पसंत केली. मुलगी कळव्याची, खाडीकाठच्या जुन्या कोळी घरातली. वडील बस चालवायचे, आता निवृत्त. आई घर सांभाळणारी. मुलीला मी आधी दोनदा भेटलेले, ती मला आवडलेली. तिच्या घरचे एका रविवारी सकाळी आमच्याकडे आले. आई, वडील, मुलगी आणि मुलीचे मामा. मामा पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. हे मुलाने मला पाहुणे जिना चढत असल्याचा आवाज येत असताना सांगितलं आणि वर म्हणाला, "आई, ड्रॉवर उघडू नकोस, प्लीज."

मी उघडणार नव्हतेच. पण पोहे झाल्यावर मी ट्रेमध्ये फळं आणली आणि सवयीने पर्समधून चाकू काढून सफरचंद कापायला घेतलं. बोलणं थांबलं. मुलीने आपल्या आईला हसत सांगितलं, "अगं, काकूंना आवड आहे. कलेक्शन आहे त्यांचं."

"कलेक्शन?" मामा म्हणाले. "बघू तरी."

मग काय करणार? मुलाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सफरचंद नाही, त्याचं नशीबच कापायला घेतलंय. मी ड्रॉवर उघडला.

मुलीची आई सोफ्यावरून उठली नाही. तिथूनच मान उंच करून बघितलं आणि पदर सारखा केला. मामा मात्र मिशीवरून बोट फिरवत ड्रॉवरपाशी उकिडवे बसले. रामपुरी त्यांनी बरोबर पहिल्या फटक्यात उचलला, खटका दाबून उघडला, मिटला, ठेवला. "कुठून?" "किती वर्षं झाली?" "दुकानाचं नाव?" "बाहेर नेता का?" एकेक प्रश्न असा यायचा की जणू त्याचं उत्तर आधीच त्यांच्याकडे असावं आणि ते फक्त माझं जुळतंय का ते बघत असावेत.

"हे घरातच असतात," मी म्हणाले. "मी बाळगते तो फक्त हा." आणि सफरचंदाचा रस पुसून वडिलांचा चाकू ट्रेमध्ये ठेवला.

तेव्हा मुलीचे वडील पहिल्यांदा हलले. तोवर त्या माणसाने एक शब्द उच्चारला नव्हता. उंच, काळासावळा, मोठ्या पंजांचा माणूस. त्यांनी हात पुढे करून चाकू उचलला, अंगठ्याच्या नखाने पातं अलगद उघडलं, मुठीवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तसाच धरून बसले. मी त्यांच्याकडे बघत होते. चाकू कसा धरायचा हे ज्याला माहीत असतं त्याचा हात वेगळा दिसतो. मग त्यांनी मामांकडे एकदा चोरून बघितलं, पातं मिटलं आणि चाकू ट्रेमध्ये परत ठेवला. काही बोलले नाहीत.

पाहुणे गेले. मी कपबश्या आत नेल्या, ट्रे पुसायला घेतला. चाकू नव्हता.

सोफ्याच्या गाद्या उचलून बघितल्या. सालींची पिशवी ओट्यावर उलटी केली. पर्स तीनदा रिकामी केली. मुलाला फोन केला, तो पाहुण्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलेला.

"तू चाकू कुठे ठेवलास?"

"मी कशाला ठेवू? आई, सगळं छान झालंय, आता चाकू चाकू करू नकोस."

माझा पहिला संशय, सांगायला लाज वाटते, पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींवर गेला. त्या दुपारी भांडी घासायला आलेल्या. मी त्यांच्याभोवती घुटमळत राहिले. फ्रिजवर बघ, टेबलाखाली बघ, मधेच त्यांच्या पिशवीकडे बघ. शेवटी त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे वळल्या.

"ताई, काय हरवलंय ते सरळ सांगा. मी यायच्या आधी हरवलंय की नंतर?"

"आधी," मी म्हणाले.

"मग माझी पिशवी कशाला बघता?"

त्यांनी एक पातेलं घासून पालथं घातलं आणि मग म्हणाल्या, "तुमच्या पाहुण्यांमधले ते मिशीवाले खाली वॉचमनपाशी उभे होते. मी सकाळी शेजारच्या बिल्डिंगमध्ये जात होते तेव्हा, बाकीचे पुढे रिक्षाकडे गेलेले. तुमच्या मालकांना काय झालं होतं, कुठल्या दवाखान्यात होते, घरात भांडणं व्हायची का, असं विचारत होते. मला वाटलं तुम्हाला माहिती असेल."

मला माहिती नव्हतं. मी स्टुलावर बसले.

लग्नाआधी चौकशी होते, ती मीही केली होती. मुलीचं ऑफिस, तिचं शिक्षण, घरात काही आजार आहे का. पण माझा नवरा कशाने गेला हे वॉचमनला विचारायचं? म्हणजे त्या माणसाच्या डोक्यात काय होतं? ड्रॉवर बघितला, विधवा बाई बघितली आणि त्याने बेरीज केली. तो आख्खा आठवडा मी जिन्यात कुणी भेटलं की त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंनी "काय, बरंय ना?" असं विचारलं तरी मला वाटायचं, यांनाही विचारून झालंय. वॉचमन उठून सलाम करायचा तो जरा जास्तच झटपट करतोय असं वाटायचं.

पण गंमत बघा, चाकू घेतला असेल तो मामांनी, असं मला एकदाही वाटलं नाही. पोलिसात नोकरी केलेला माणूस लोकांच्या घरातून वस्तू उचलेल का? चौकशी करेल, अपमान करेल, पण उचलणार नाही. माझा संशय जाऊन बसला तो मुलीच्या वडिलांवर. ते नख, तो अंगठा, तो चोरटा कटाक्ष. आणि न बोलणं. ज्याला काही घ्यायचं नसतं तो निदान "छान आहे" तरी म्हणतो. मी स्वतः वस्तू जमवणारी बाई आहे. एखादी वस्तू मनात भरली की आपण तिच्याबद्दल बोलत नाही, मालकाला कळू नये म्हणून. शहाडच्या भंगारवाल्याकडे मीही असंच केलं होतं, रामपुरी बाजूला सारून आधी एका गंजक्या पक्कडीचा भाव विचारला होता.

मुलाला हे सांगितलं तर तो ताटावरून उठला.

"आई, तू माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना चोर म्हणतेयस. ऐकू येतंय का तुला?"

"मी म्हणत नाहीये. मी फक्त विचार करतेय."

"मग विचार करू नकोस."

पुढच्या रविवारी आम्ही कळव्याला त्यांच्याकडे जायचं ठरलं होतं. पद्धतच आहे, ते आले, आता आपण जायचं. मी जाताना पेढे घेतले, फुलं घेतली, आणि मनात ठरवून गेले की आज डोळे उघडे ठेवायचे.

घर नीटनेटकं. खिडकीतून खाडीचा एक तुकडा दिसायचा, त्यापलीकडे झाडी आणि टॉवर. मुलीच्या आईने कोलंबीचं कालवण केलं होतं, आमच्यासाठी वेगळे कांदेपोहे. मामा एका खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले. मुलीचे वडील दाराशी. मी बसल्या बसल्या टीव्हीखालचं कपाट बघितलं, देवघराची फळी बघितली, वडिलांच्या शर्टाचा खिसा बघितला. खिसा जरा फुगलेला होता. नंतर त्यातून चष्म्याचं कव्हर निघालं.

मग मीच विषय काढला. "तुम्हाला जुन्या वस्तूंची आवड दिसते," मी त्यांना म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही चाकू अगदी मन लावून बघत होतात."

"नाय," ते म्हणाले. "असंच."

"तुमच्याकडे आहे का एखादा?"

"नाय, नाय." आणि ते उठून गॅलरीत गेले. कपडे वाळले की नाही ते बघायला. कपडे त्यांच्या बायकोने मघाशीच काढून आणले होते, माझ्यासमोर.

माझी खात्री पटली. हात धुवायचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेले. तिथे कुणी नव्हतं. ओट्याखाली ड्रॉवर होते. मी माझ्या आयुष्यात परक्याच्या घरातला ड्रॉवर कधी उघडला नव्हता. पहिला उघडला, त्यात चमचे. दुसरा उघडला, त्यात सोलाणं, लाटणं, दोरा, मेणबत्त्या. मी हात घालून मागे चाचपडत होते तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"काकू, काय हवंय?"

मुलगी दारात उभी. माझ्या तोंडातून निघालं, "चमचा."

"चमचे वरच्यात आहेत." तिने एक चमचा काढून माझ्या हातात दिला. तिने आणखी काही विचारलं नाही, पण खालच्या ड्रॉवरकडे एकदा बघितलं आणि तो गुडघ्याने हळूच बंद केला.

मी चमचा घेऊन बाहेर आले. माझ्या पोह्यांच्या बशीत आधीच एक चमचा होता. मी दुसरा त्याच्या शेजारी ठेवला. मामा त्या दोन चमच्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

परतताना मुलगा रिक्षात पूर्ण वेळ बाहेर तोंड करून बसला. मला वाटलं, गेलं हे लग्न, आणि ते माझ्या हाताने गेलं.

तीन-चार दिवसांनी दुपारी बेल वाजली. फोन नाही, मेसेज नाही, दारात मामा. एकटेच. मी आत बोलावलं. ते सोफ्यावर बसले, पँटच्या खिशातून घडी केलेला पांढरा रुमाल काढला, टीपॉयवर ठेवला आणि उलगडला. आत माझ्या वडिलांचा चाकू.



"नियमात बसतो," मामा म्हणाले. "आमच्या जुन्या एका सहकाऱ्याला दाखवून आलो. पात्याची लांबी ठीक आहे, खटका नाही. बाळगायला हरकत नाही. पण विमानतळावर वगैरे नेऊ नका."

"तुम्ही नेलात?"

"हो."

"न विचारता? माझ्या घरातून?"

"विचारलं असतं तर तुम्ही दिला असता, मॅडम. पण हाच दिला असता याची खात्री काय?"

इतक्या शांतपणे म्हणाले की मला आधी हसू आलं आणि मग डोक्यात तिडीक गेली.

"ड्रॉवरमध्ये एवढा मोठा रामपुरी होता, तो नेला नाहीत!"

"घरातल्याशी मला काय करायचंय? तुम्ही म्हणालात, बाळगते तो हा. भाची उद्या तुमच्याबरोबर बाजारात जाणार, मॉलमध्ये जाणार. नाक्यावर कुणी पर्स तपासली तर पोरगी पण चौकीत बसणार. बाळगता तो कोणता आणि कसा, एवढंच बघायचं होतं."

"आणि माझ्या नवऱ्याबद्दल वॉचमनला विचारलंत, ते?"

त्यांनी मान खाली घातली नाही. "तेही विचारलं. चौकशी करायची तर अर्धी करत नाहीत. काविळीने गेले. हॉस्पिटलमध्ये तुम्ही रोज डबा घेऊन जायचात, हेही वॉचमन म्हणाला. तो तेव्हापासून आहे इथे."

मला तो वॉचमन तेव्हापासून आहे हे आठवतही नव्हतं. पण राग गेला नाही. मी म्हणाले, "उद्या मी तुमच्या घरी येऊन काही उचलून नेलं तर चालेल?"

"तुम्ही बहिणीच्या किचनमधला ड्रॉवर उघडलात, असं कळलं," मामा म्हणाले. "एक नाही, दोन. काय शोधत होतात ते मला कळलं, म्हणून आज आलो. नाहीतर अजून एकाला दाखवायचा होता."

मी चाकू उचलला, पातं उघडून बघितलं. कुणीतरी, बहुतेक त्यांनीच, पात्याच्या खाचेतली घाण काडीने साफ केली होती. मी तो पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली, पर्स खांद्याला अडकवली आणि तशीच आत जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत पर्स खांद्यावरून काढली नाही. बाहेरून मामांचा आवाज आला, "साखर कमी."

मुलाला संध्याकाळी सांगितलं तेव्हा तो आधी मामांवर उखडला, मग माझ्यावर, मग फोनवर मुलीवर. तिचंही म्हणणं होतं की तिने घरी ड्रॉवरचं सांगितलं ते फक्त गंमत म्हणून, मामांनी त्याचा पंचनामा केला. दोन दिवस दोन्ही घरी अबोला. शेवटी मीच मुलीला फोन केला. म्हणाले, "तुझे मामा संशयी आहेत, मी पण आहे. तुमचा संसार आम्ही दोघं मिळून राखू, काही हरवणार नाही." ती इतकी हसली की पलीकडून तिच्या आईने विचारलं, काय झालं.

लग्न कल्याणच्या एका हॉलमध्ये झालं. हळद लागल्यावर नवऱ्या मुलाच्या हाती कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचलेली, कुणाची नजर लागू नये म्हणून. आदल्या दिवशी लग्नाच्या सामानात सगळं निघालं, मुंडावळ्या, अक्षता, सुपाऱ्या, पण भाड्याची कट्यार दुकानातच राहिली होती. "आता कुठून आणायची?" असं कुणीतरी म्हणालं आणि हळदीने पिवळे झालेले सगळे चेहरे माझ्याकडे वळले. दोन्हीकडचे.

"रामपुरी नको," मामा लगेच म्हणाले.

मी जत्रेतला शिंगाच्या मुठीचा चाकू मागवून घेतला. मामांनी तो माझ्याकडून घेतला, पातं नखावर घासून धार बघितली, "जपून" म्हणत स्वतः लिंबू खोचलं आणि भाचीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या हातात दिला. मग दिवसभर, मी बघत होते, त्यांची नजर त्या चाकूवरून हलली नाही. जेवणाच्या पंगतीतसुद्धा. माझीही हलली नाही, पण माझं कारण वेगळं होतं, लिंबाच्या रसाने पातं काळं पडतं.

मुलीच्या वडिलांशी मात्र माझं नीट बोलणं होत नव्हतं. चाकू त्यांनी नेला नव्हता हे मला कळलं होतं, पण मी त्यांच्याशी कशी वागले हे त्यांनाही कळलंच असणार. लग्नात मी त्यांना नमस्कार केला की ते नमस्कार करायचे आणि गर्दीत शिरायचे. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातला एक कोपरा अजूनही म्हणत होता, या माणसाचं काहीतरी आहे. चाकू नाही नेला, ठीक. मग गॅलरीत पळाले कशाला? वाळलेले कपडे कुठे होते तिथे?

लग्नानंतर काही महिन्यांनी आम्हाला कळव्याला जेवायला बोलावलं होतं. जेवण झालं, बायका आतल्या खोलीत पडल्या, मुलगा आणि सून मोबाईलवर काहीतरी बघत बसले. मामा हॉलमध्ये खुर्चीतच डोळे मिटून होते. सुनेच्या वडिलांनी गॅलरीच्या दारातून मला मानेने खुणावलं.

मी गेले. खाडीला भरती होती, पाणी काळपट, त्यावर दोन बगळे. त्यांनी गॅलरीचं दार लोटून घेतलं. कोपऱ्यात जुन्या कुंड्या होत्या, त्यांच्यामागून त्यांनी एक जुना ॲल्युमिनियमचा डबा काढला, ड्युटीवर न्यायचे तसला. झाकण उघडलं. आत फडक्यात गुंडाळलेला एक चाकू.

लाकडी मूठ, पाण्याने फुगून परत सुकलेली, तडे गेलेली. मुठीला भोक, त्यात निळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा. पातं आखूड आणि रुंद, गंजाच्या खळ्यांनी भरलेलं, पण धारेची कड मात्र पांढरी चकाकत होती.

"माज्या बापाची सुरी हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "होडीवर असायची. जाळ्यात काय अडकलं तर तोडायला. दोरी गळ्यात, म्हणून पाण्यात पडत नव्हती."

"मग त्या दिवशी म्हणालात नाही म्हणून?"

त्यांनी दाराकडे बघितलं. "मेव्हणा बसलेला ना समोर. तो नोकरीत असताना इथे गल्लीत एकदा मारामारी झालेली. तवा तो घरी येऊन बोलला, असलं काही घरात ठेवू नका, खाडीत टाका. मी बोललो, टाकली. त्याला अजून वाटतं टाकली."

"आणि ताईंना माहीत आहे?"

"नाय. ती भावाला सांगेल." त्यांनी डबा छातीशी धरला. "तुमच्या घरी तो ड्रॉवर उघडला, तुमच्या बापाची वस्तू हातात आली, आन् मला वाटलं आता तोंडातून निघणार. म्हणून गप बसलो."

मी हात पुढे केला. त्यांनी चाकू माझ्या हातावर ठेवला, पण दोरीचं टोक स्वतःच्या बोटाला गुंडाळून ठेवलं.

"बघा," ते म्हणाले. "पण इथंच बघा."

मी पातं उजेडाकडे वळवलं. त्यांची नजर माझ्या हातावर होती, एकदाही हलली नाही. मला ती नजर चांगलीच ओळखीची होती. मी धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि विचारलं, "अजून धार लावता?"

"दर अमावस्येला. बायको देवळात जाते तवा."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दोरी बोटावरून खेचली गेली, चाकू माझ्या हातातून गेला, फडक्यात गेला, डब्यात गेला, डबा कुंड्यांच्या मागे. दार उघडून मामा गॅलरीत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बहिणीच्या नवऱ्याकडे बघितलं, मग कुंड्यांकडे.

"काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हणाले. "बगळे बघतोय."

मामांनी खाडीकडे बघितलं. बगळे उडून गेले होते.